बाराव्या सदऱ्यावरचे निळे टाके

१

निवडीची खोली मी आठ दिवसांनी उघडली आणि आत माझ्या बायकोच्या साबणाचा वास आला. तिला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

आमचं दुकान लहान मुलांच्या कपड्यांचं. खाली विक्री, वरच्या मजल्यावर शिवणबाईंचं मशीन आणि त्याच्या शेजारी ही खोली. दर हंगामाआधी वेगवेगळे ब्रँड एकेक नमुना पाठवतात. त्यातले कोणते ठेवायचे हे सत्तावीस वर्षं तिनं एकटीनं ठरवलं. मी फक्त ऑर्डर लिहायचो. कपडा पसंत पडला की खालच्या दुमडीच्या आत, डाव्या शिवणीपाशी, ती निळ्या दोऱ्याचे तीन टाके घालायची. नापसंत असला तर लाल. वही नाही, चिठ्ठी नाही. "कागद विक्रेत्यालाही वाचता येतो," असं म्हणायची.

या हंगामाचे बारा नमुने मागच्या सोमवारी आले. मी ते दांडीवर टांगले, खोलीला कुलूप घातलं आणि खाली येऊन गल्ल्यावर बसलो. पुन्हा वर जायचा धीर होईना. पण शुक्रवारपर्यंत ऑर्डर द्यायचीच होती, म्हणून शेवटी आज दार उघडलं.

पहिला फ्रॉक उलटा केला. दुमडीत तीन निळे टाके. पुढच्या झबल्यावर लाल. त्यापुढे परत निळे. बाराच्या बारा कपड्यांवर टाके होते. सात निळे, पाच लाल.

मी स्टुलावर बसलो. मला भीती वाटली नाही, हे मात्र सांगतो. मी स्वतःशीच पुटपुटलो, ती आली होती आणि मी नेमका खाली होतो.

मग मी शेवटचा कपडा परत पाहिला. 'ससा' ब्रँडचा वर्षाच्या बाळाचा सदरा, छातीवर भरतकामाचा ससा. हा ब्रँड तिनं लागोपाठ तीन वर्षं लाल टाक्यांनी बाद केला होता. कारण तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

या वेळी त्यावर टाके निळे होते.

२

"झालं तर मग!" छोट्या म्हणाला. "ताईनंच होकार दिला. लिहा ऑर्डर."

छोट्या माझा मेहुणा, तिचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली, सदऱ्याची बटणं पोटावर ताणून बसतात, तरी नाव छोट्याच. खालचं गिऱ्हाईक तो सांभाळतो.

"मेलेलं माणूस टाके घालतं का रे?" मी विचारलं.

"ते मला नका विचारू, भाऊजी. मला इतकंच कळतं की रोज दहा जणी येऊन विचारतात, ससा आहे का? मी काय सांगू, आहे पण बिळात बसलाय? समोरच्यानं तीन मजली दुकान काढलंय. ससा आपण घेतला नाही तर शनिवारी त्याच्या काचेत दिसेल. आणि मग पुढच्या वर्षी तुम्ही नि मी दोघं इथं बसून माश्या मारू."

तो चुकीचं बोलत नव्हता. ससा घेतला असता तर दुकान तरलं असतं. मला तर त्याहून मोठा लोभ होता. ती ऑर्डर लिहिली की ते टाके तिचे ठरत होते. ती अजून वरच्या खोलीत येते, असं ठरत होतं. मी कागद पुढे ओढला, ब्रँडची नावं लिहायला लागलो. सशापाशी आलो आणि हात थांबला. ती मत बदलायची, नाही असं नाही. पण कारणाशिवाय कधीच नाही.

तेवढ्यात भिंगकाका दुकानात आले. नातीचा फ्रॉक बदलून हवा होता, एक नंबर मोठा.

भिंगकाकांनी तीस वर्षं कापडगिरणीत कापड तपासलं. निवृत्त झाले तरी धागे मोजायचं भिंग खिशातून गेलं नाही. आमच्याकडून रुमाल घेतला तरी त्याचे धागे मोजून घेतात. माझी बायको त्यांना म्हणायची, "काका, तुम्ही माणसांनाही उलटं करून बघत असाल."

पोलिसांत जाऊन मी काय सांगणार होतो? माझी बायको मेल्यावर काम करते म्हणून?

"काका," मी म्हणालो, "जरा वर येता? एक गोष्ट दाखवायची आहे."

३

खोलीत आल्यावर काकांनी खिशातून भिंग काढलं. एकेक कपडा खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरत राहिले. मी दाराशी उभा.

"किल्ल्या किती?"

"तीन. एक माझ्याकडे, एक छोट्याकडे. तिसरी तिची. ती गेल्यावर सापडली नाही."

"टाक्यांची रीत कोणाला माहीत?"

"दुकानात सगळ्यांनाच. टाके पाहूनच तर ऑर्डर लिहायचो."

"आणि टाके घालण्याआधी ती काय करायची?"

हे मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. पण आता लपवून काय उपयोग? ती प्रत्येक नमुना घरी नेऊन तीनदा धुवायची. नवीन कपडा सगळ्यांचाच मऊ लागतो, खरा स्वभाव तिसऱ्या धुण्यानंतर कळतो, असं तिचं म्हणणं. मी तो बाल्कनीत वाळत घालायचो. मग ती इस्त्री करायची, कपडा उलटा करायची, डोळे मिटून मान तिरकी करायची आणि आतली शिवण अंगठा नि अनामिकेत धरून चोळायची. अनामिका कामाला कमी लागते, म्हणून ती खोटं बोलत नाही, असंही तिचं एक होतं. हे कंपन्यांना कळलं असतं तर त्यांनी नमुन्यापुरते पक्के कपडे पाठवले असते. म्हणून गुप्त.

"कोणाकोणाला माहीत?"

"मला आणि आमच्या मुलीला."

काकांनी दोन कपडे माझ्या हातात दिले. एक कुठलासा फ्रॉक, दुसरा सशाचा सदरा.

"कानाशी नेऊन चुरगळा."

फ्रॉकचा आवाज आला नाही. सदरा कुरकुरला, नव्या कागदासारखा.

"खळ आहे," काका म्हणाले. "अकरा कपडे धुऊन इस्त्री केलेले आहेत. दोन-तीनदा तरी. साबणाचा वास त्यांचाच. बाराव्यानं पाणी बघितलेलं नाही. अकरांवरचे टाके बारीक, एकेरी दोऱ्याचे. याच्यावरचे दुहेरी दोऱ्याचे आणि मागे वाटाण्याएवढी गाठ." त्यांनी भिंग खिशात टाकलं. "तुमच्या खोलीत दोन माणसं येऊन गेलीत. एकाला धुणं माहीत होतं, दुसऱ्याला नव्हतं."

मी विचारलं, "पहिलं माणूस... ते माणूसच असेल ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला उत्तर हवंय की ती हवीय? मला दोन्ही देता येणार नाही."

४

मंगळवारी काका माझ्या घरी आले. माझी मुलगी पंधरा दिवसांसाठी माहेरी आली होती. धुणं माहीत असलेली जिवंत माणसं आम्ही दोघंच, म्हणून आधी तिच्याशी बोलायचं ठरलं.

"मी?" ती म्हणाली. "काका, मला साधं बटण लावता येत नाही. आईनं माझ्यापुढे हात टेकले होते. हे विचारा बाबांना."

"दुकान बंद करा असं तू बाबांना म्हणत होतीस?"

"म्हणत होते, अजूनही म्हणते. बघा ना यांच्याकडे! आईचा टॉवेल अजून दांडीवर आहे. रोज वाळवून परत टांगतात." तिचा आवाज बारीक झाला. "पण त्यासाठी मी आईचं सोंग करीन का हो?"

काका म्हणाले, "नाही करणार. जुने नमुने आहेत का घरात?"

होते. पलंगाखालच्या पेटीत मी प्रत्येक वर्षाचे दोन-चार ठेवले होते. टाके असलेला कपडा मला देववत नसे.

काकांनी ते वर्षांप्रमाणे जमिनीवर मांडले आणि गुडघ्यांवर बसून पाहायला लागले. आम्ही बापलेक शाळेतल्या मुलांसारखे समोर बसलो.

"दुकानातल्या त्या अकरा कपड्यांवरचा हात तुम्ही ओळखलात?" त्यांनी विचारलं.

"डोळे मिटून ओळखीन. गेल्या वर्षीचे टाके बघा. तोच हात."

"तोच आहे. आणि त्याच्या आदल्या वर्षीही तोच." त्यांनी चार वर्षांपूर्वीचं झबलं भिंगासकट माझ्यापुढे सरकवलं. "आता हे बघा."

मी पाहिलं. आधी काही कळेना. मग दिसलं. जुने टाके सरळ होते, सुई आत गेली आणि बाहेर आली, बस. गेल्या दोन वर्षांच्या टाक्यांना प्रत्येकी एक बारीकसा फास होता.

"असा फास काज करणाऱ्या माणसाचा हात घालतो," काका म्हणाले. "सवयीनं. त्याला सांगूनही थांबवता येत नाही. गेली दोन वर्षं तुम्ही जे टाके वाचताय ते तुमच्या बायकोचे नाहीत."

मुलीनं माझा हात धरला. मला आठवतंय, मी म्हणालो, "पण ती तर जिवंत होती."

५

काजं आमच्याकडे एकच माणूस करतं.

शिवणबाई चौदा वर्षं वरच्या मजल्यावर बसतात. कोणाच्या फ्रॉकची उंची कमी कर, कोणाच्या कमरेला इलॅस्टिक घाल, काजं-बटणं कर. मला दादा म्हणतात, तिला वहिनी म्हणायच्या. बुधवारी सकाळी आम्ही त्यांच्यासमोर जाऊन बसलो तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं नाही.

"मला काय माहीत, दादा? मी आपली काजं करते."

"बरं," काका म्हणाले. पिशवीतून त्यांनी नातीचे दोन फ्रॉक काढले. "एवढं सांगा, यातला कोणता टिकेल? पोर फार धिंगाणा घालते."

बाईंनी मशीन थांबवलं. फ्रॉक घेतला, उलटा केला. डोळे मिटले. मान तिरकी झाली. आतली शिवण अंगठा आणि अनामिकेत धरून त्या हळूहळू चोळायला लागल्या.

चेहरा बाईंचा होता, पण बाकी सगळी ती होती. मान तेवढीच कललेली, ओठ तसेच मुडपलेले.

"हा," बाई म्हणाल्या. डोळे उघडले तर समोर मी रडत होतो. फ्रॉक त्यांच्या हातातून खाली पडला.

"वहिनींनी शपथ घातली होती, दादा."

मग त्यांनी सांगितलं. ती जायच्या दोन वर्षं आधी तिच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. आधी एका हाताची, मग दोन्ही. सुई टोचली तरी कळेना, कापडाचा पोत तर दूरच. ती बाईंना म्हणाली, आता तू सांग. बाई म्हणाल्या, मला काय कळतंय? तर म्हणे, कळत नाही तोवर शिक. मी घरी कपडे वाळत घालत होतो आणि इथं, शेजारच्या खोलीचं दार लावून, त्या दोघी शिकत होत्या. कुठे टोचतं, कडेला की मध्ये? दोरा टोचतो की कापड?

"पहिल्या वर्षी मी सांगायचे, त्या रंग ठरवायच्या. शेवटच्या हंगामाला रंगही मीच ठरवले. त्या नुसती मान हलवायच्या. टाके दोन्ही वर्षं माझेच."

मला तिच्या हातातून सुटलेले पेले आठवले. एकदा मी म्हणालो होतो, लक्ष कुठे असतं तुझं? आजार मला शेवटच्या पाच महिन्यांत कळला. बाईंना दोन वर्षं माहीत होता.

"आणि या वेळचे?" काकांनी विचारलं.

"नमुने तसेच लोंबत होते. दादा दार उघडेनात. वहिनींची किल्ली माझ्याकडे होती. रोज चार-चार कपडे घरी नेले, वहिनींच्याच साबणानं धुतले, वाळवले, परत टांगले. वाटलं, दादा बघतील, ओळखतील, विचारतील. तर हे त्या स्टुलावर बसले नि म्हणाले, ती आली होती." बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मग कसं तोंड उघडणार, सांगा?"

"सशाला निळे का घातलेत?"

"मी? मी लाल घातले होते! धुऊन, तिसऱ्या धुण्यानंतर. तो निळा निघाला म्हटल्यावर सांगावंसं वाटलं. पण ते बोलायचं तर बाकीचं सगळंच बोलावं लागलं असतं."

काका उठले.

"म्हणजे सशाचे सदरे दोन. तुम्ही धुतलेला कोणीतरी उचलला आणि कोरा टांगला. आता धुतलेला शोधायचा. चांगला कपडा नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी अंगावर जातो."

६

शुक्रवारी दुपारी सशाचा विक्रेता आला. आमच्याकडे येणाऱ्यांत टाय बांधणारा तो एकटाच. छोट्यानं त्याला खुर्ची दिली. मी दोघांना वर घेऊन गेलो. बाई आणि काका तिथं होतेच.

काकांनी विक्रेत्याला विचारलं, "या दुकानाला तुम्ही नमुने किती दिलेत?"

"दोन. एक कुरिअरनं आणि एक रविवारी हातोहात..." तो छोट्याकडे बघायला लागला. "हे म्हणाले, पहिल्यावर चहा सांडला."

"छोटेराव," काका म्हणाले, "तुमच्या सदऱ्याचं तिसरं बटण कोणी लावलं?"

छोट्यानं खाली पाहिलं. पांढऱ्या सदऱ्यावर ते बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं, दुहेरी, आणि मागच्या गाठीचा फुगवटा वरून दिसत होता.

"बायकोला किती वेळा सांगायचं," तो पुटपुटला. "दर आठवड्याला तुटतं. मीच लावतो." मग एकदम माझ्यावर उसळला. "हो, मी केलं! रविवारी वर आलो, म्हटलं भाऊजी नाही तर आपण तरी बघू. बघतो तर टाके! मग सशावर लाल दिसले. भाऊजी, आठ महिने मी तुम्हाला सांगतोय, ससा घ्या, ससा घ्या. तुम्ही ऐकलंत? तुम्ही फक्त तिचं ऐकता. मग म्हटलं, तिच्याच तोंडून सांगू."

"तुझी बहीण होती ती," मी म्हणालो.

"म्हणूनच. तिचं दुकान बुडताना बघवत नाही मला."

काकांनी शांतपणे विचारलं, "पहिला सदरा कुठाय?"

"घरी. आमच्या वर्षाच्या छोटीला घातला. चांगला कपडा होता, टाकून कसा देणार?"

"आणता?"

तो पंधरा मिनिटांत परत आला. बाईंनी सदरा घेतला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. दुमडीत लाल टाके होते. छातीवरच्या सशाच्या मागे लावलेलं जाड अस्तर सगळीकडून सुटून वर वळलं होतं, नखासारखं.

"नवीन असताना चिकटलेलं असतं," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या पाण्याला कड उठते. वहिनींनी दरवर्षी दाखवलं मला."

छोट्यानं बोट फिरवलं. मग सदरा गालाला लावला आणि तसाच धरून राहिला.

"छोटी झोपेत छाती खाजवते," तो म्हणाला. "चार दिवस झाले. आम्ही घामोळं समजून पावडर लावतोय."

विक्रेत्यानं टाय सैल केला. "साहेब, सगळीकडे चालतोय हा माल. तुम्ही एकटेच..."

मी ऑर्डरचा कागद काढला. बाईंना विचारलं, "घ्यायचा?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या माणसांपुढे त्यांना असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

"नको," बाई म्हणाल्या.

मी सहाच ब्रँड लिहिले आणि खाली सही केली. विक्रेता बॅग उचलून निघाला. खिडकीतून आम्हाला तो रस्ता ओलांडताना दिसला. समोरच्या तीन मजली दुकानाचं काचेचं दार त्याच्यासाठी आपोआप उघडलं.

"गेलं," छोट्या म्हणाला. पण सदरा त्यानं पिशवीत टाकला नाही. बाईंकडून कात्री मागून घेतली आणि मधोमध कापला.

काका निघाले तेव्हा मी पायरीपर्यंत गेलो. फ्रॉकचे पैसे घ्यायला मी नकार दिला तर म्हणाले, "दुकान असं चालवाल तर ससा घेऊनही बुडाल." आणि देऊन गेले.

वर आलो. छोट्या खाली गेला होता. बाई मशीनवर दोरा घालत होत्या.

"एक विचारू?" मी म्हणालो. "मला का नाही सांगितलं तिनं? दोन वर्षं. घरात दोघंच होतो आम्ही."

बाईंनी दोरा सुईच्या भोकातून ओढून घेतला आणि मगच बोलल्या.

"मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, हे बाल्कनीत कपडे वाळत घालताना शीळ घालतात. यांना सांगितलं तर ती बंद होईल."

"शीळ? मी?"

"तुम्हाला माहीत नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी आठवून पाहिलं. बाल्कनी आठवली, चिमटे आठवले, बादली आठवली. शीळ काही आठवेना.

"कोणतं गाणं असायचं?"

"गाणं कुठलं हो!" बाई हसल्या, तशाच डोळे पुसत. "वहिनी म्हणायच्या, सूर नाही की ताल नाही, पण रोज येते."

खालून छोट्याची हाक आली. गिऱ्हाईक आलं होतं, दोन वर्षांच्या मुलाला काहीतरी मऊ हवं होतं. बाईंनी दांडीवरून निळ्या टाक्यांचा एक सदरा काढून माझ्या हातात दिला आणि मी तो घेऊन जिना उतरलो.